कंट्रोल आणि खालचा बाण

आसाराम सरांनी विजयमाला खाडेला पहिल्यांदा नीट पाहिलं, ते तिच्या टेबलावर माउस दिसेना म्हणून. सर अंजनवाडीच्या शाळेचे मुख्याध्यापक. गेल्या महिन्यात दिलेली माहिती या महिन्यात नव्या तक्त्यात परत द्यायला ते तालुक्याच्या शिक्षण कचेरीत आले होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक सडसडीत मुलगी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून बसली होती. समोरच्या पडद्यावर रकाने आपोआप सरकत होते.

"ताई, तुमचा उंदीर कुठं गेला?" सरांनी विचारलं.

"ड्रॉवरमध्ये झोपलाय, सर. त्याला उठवून काम करायचं म्हणजे दोघांना सांभाळायचं."

विजयमाला जामखेडच्या एका क्लासात संगणक शिकली. तिथे संगणक सहा आणि चालू माउस दोन. जे आधी येतील त्यांना माउस, बाकीच्यांना कीबोर्ड. तिची एसटी रोज उशिरा पोचायची. त्यामुळे हजार ओळींच्या तळाशी जायला कंट्रोल आणि खालचा बाण, सगळं निवडायला कंट्रोल ए, वरचं खाली उतरवायला कंट्रोल डी, हे तिच्या बोटांत बसलं. क्लासवाल्यांनी पुढे त्या गैरसोयीला 'ॲडव्हान्स बॅच' असं नाव दिलं.

कचेरीत ती कंत्राटी होती. तिच्या शेजारी कल्याणराव, कचेरीचे भाऊसाहेब, कायम नोकरीतले. कल्याणराव माउस वापरत, आणि देवाला फूल वाहावं तितक्या सावकाश वापरत. हजाराव्या ओळीपर्यंत जायचं तर चाक फिरवत निघायचे. सहाशेच्या आसपास चहा यायचा. चहा झाला की आपण कुठल्या ओळीवर होतो ते शोधायला पुन्हा वरून सुरुवात. याला ते बारकाईनं काम करणं म्हणत. संगणकाच्या बेरजेवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ते कागद छापून घेत, कॅल्क्युलेटरवर बेरीज करत आणि लाल शाईनं बरोबरची खूण करत. संगणक आजवर एकदाही चुकला नव्हता, पण त्याचं श्रेय ते आपल्या तपासणीला देत.

विजयमालाचं दिवसाचं काम दुपारी दोनला संपे. कल्याणरावांना हे फार लागे.

"साहेब, मॅडमना कामच नाही," त्यांनी वर जाऊन सांगितलं. "दोननंतर नुसत्या बसून असतात."

मग साहेबांनी न्याय केला. कल्याणरावांचं निम्मं काम तिच्याकडे आलं. तेही चारला संपू लागलं, तेव्हा कल्याणराव सरांना म्हणाले, "वेग आहे पोरीला, पण कामाला गांभीर्य नाही."

यंदा दिवाळी झाली आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची यादी मागवली गेली. आई-बाप फडावर गेले की मुलांना गावातच हंगामी वसतिगृहात ठेवायचं, दोन वेळा जेवू घालायचं, शाळा बुडू द्यायची नाही, अशी सोय. यादीत ज्याचं नाव, त्याला वसतिगृह. ज्याचं नाही, त्यानं आई-बापाबरोबर टेम्पोत बसायचं. एकसष्ट शाळांची अकराशे मुलं विजयमालानं एका फाइलीत आणली. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत यादी सरकारी संकेतस्थळावर चढवायची मुदत होती. अंजनवाडीचा टेम्पो शनिवारी सकाळी निघणार होता.

शुक्रवारी दुपारी सर यादी बघायला आले. अंजनवाडीची शाळा यादीत पहिली. सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. अंकिता, अंकुश, अंजली, अक्षय, अजय. त्यांच्या शाळेच्या अडतीसच्या अडतीस मुलांची नावं 'अ'नं सुरू होत होती.

"भाऊसाहेब, ही पोरं आमची न्हाईत."

"शाळेचं नाव तर तुमचंच आहे, सर."

"आमच्याकडं अंकुश एक बी नाही. इथं चार आहेत. आणि हा अंकुश मुलगी दाखवलाय."

"पोरांची नावं सारखी असतात हो. योगायोग."

विजयमालानं मान वळवून कागद पाहिला. मग शेवटचं पान काढलं. शेवटच्या शाळेत ओळीनं हनुमंत, हर्षदा, हर्षल. तिचा चेहरा उतरला.

"भाऊसाहेब, नावं क्रमानं लावलीत का तुम्ही?"

"लावली. साहेबांसमोर जायची यादी, जरा शिस्तीत नको?"

"फक्त नावांचाच रकाना लावलात."

"नावंच लावायची होती. मध्येच ते इंग्रजीत काहीतरी विचारत होतं. नेहमीप्रमाणे पुढं चालू केलं."

म्हणजे नावं वर्णमालेप्रमाणे रांगेत उभी राहिली, आणि गाव, शाळा, बाप, इयत्ता सगळं होतं तिथंच राहिलं. अकराशे मुलांना अकराशे परके बाप मिळाले होते. कल्याणरावांनी फाइल जतन करून बंद केली होती, त्यामुळे केलेलं उलटं फिरवायची वाट संपली होती. घोळ नको म्हणून बाकीच्या सगळ्या प्रतीही पुसल्या होत्या. आणि छापलेल्या शेहेचाळीस पानांवर प्रत्येक नावापुढे लाल खूण केली होती.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. गावातून केशरबाई बोलत होती. तिची सृष्टी चौथीत.

"सर, नाव लागलं का पोरीचं? न्हाई लागलं तर तिची गोधडी बी बांधते. टेम्पोवाला सांजंला सामान चढवायचं म्हन्तोय."

"बांधू नको अजून," सर म्हणाले. "पाच वाजू दे."

घड्याळात पावणेचार झाले होते.

"आपण मुदतवाढ मागू," कल्याणराव शांतपणे म्हणाले. "टिपणी लिहितो. चार दिवस लागतील परत करायला."

"चार दिवसांनी पोरं फडावर असतील, भाऊसाहेब," सर म्हणाले.

"मग पुढच्या वर्षी."

विजयमाला कामाला लागली होती. शाळांनी पाठवलेल्या साठ फायली मेलमध्ये पडून होत्या. फाइल उघडायची, सगळं उचलायचं, उडी मारून मोठ्या यादीत जायचं, कंट्रोल आणि खालच्या बाणानं तळ गाठायचा, एक ओळ खाली, चिकटवायचं. पुढची. सर घड्याळ बघून मोजत होते. एका शाळेला जेमतेम एक मिनिट. कल्याणराव पाठीशी उभे राहून काळजी घेत होते.

"हळू, मॅडम. काहीतरी उडेल."

"जे उडायचं होतं ते उडालंय."

पावणेपाचला साठ शाळा झाल्या. राहिली अंजनवाडी. तिची फाइलच नव्हती; सरांनी यादी कागदावर दिली होती आणि विजयमालानं ती एकदा टाइप केली होती. सर खजील झाले. दरवेळी ते म्हणत, पुढच्या वेळी फाइल पाठवतो. पण हजेरीपट पिशवीत होता.

"वाचा सर," ती म्हणाली.

सरांनी हजेरीपट उघडला. एकतीस वर्षांची सवय. नाव घेतलं की उत्तर येईपर्यंत थांबायचं. "पार्थ बबन..." सर थांबले. ती थांबली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"हजर," विजयमाला म्हणाली.

मग गाडी सुरू झाली. नाव, टकटक, "हजर". नाव, टकटक, "हजर". गाव आणि शाळा तिनं एकदाच लिहिलं आणि कंट्रोल डीनं अडतीस ओळींत उतरवलं. सृष्टीच्या नावाशी सर जरा जास्तच थांबले.

"हजर हो सर, पुढं चला! आठ मिनिटं राहिलीत."

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी यादी चढली. सरांनी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. "केशरबाई, गोधडी बांधूच नको," एवढंच म्हणाले आणि पाण्याच्या माठाकडे वळले.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत मुदतीत यादी दिल्याबद्दल कचेरीचं कौतुक झालं. अभिनंदनाचं पत्र कल्याणरावांच्या नावे निघालं. फाइल शेवटी त्यांच्याच सहीनं गेली होती. त्यांनी ते पत्र लॅमिनेट करून घेतलं. भाषणात मात्र ते उदार मनानं म्हणाले, "मॅडमचाही वाटा आहे. चार दिवसांचं काम त्यांनी सव्वा तासात केलं."

हे वाक्य साहेबांनी लक्षपूर्वक ऐकलं. चार दिवसांचं काम सव्वा तासात होत असेल, तर पूर्ण दिवसाचं माणूस कशाला हवं, असा साधा हिशेब त्यांनी मांडला. विजयमालाचा नवा करार अर्ध्या दिवसाचा झाला.

सर तणतणत कचेरीत आले. "ताई, कचेरी सुटेपर्यंत रेंगाळत बसली असतीस तर? भाऊसाहेबांसारखं?"

"प्रयत्न केला सर, एक दिवस," ती म्हणाली. "मान आखडली."

सरांनी शाळा समितीत वसतिगृहातल्या देखरेखीच्या रिकाम्या जागेसाठी तिचं नाव सुचवलं. समितीनं तिला संगणक येतो का ते विचारलंच नाही. अकराशेतल्या अडतीस मुलांची नावं तिला पाठ आहेत, एवढं पुरलं.

हल्ली विजयमाला दहा ते दोन कचेरीत असते. अडीचच्या एसटीनं ती अंजनवाडीला जाते आणि रात्री मुलांची जेवणं होईपर्यंत तिथं थांबते.