तिसरी बादली

हरायची इतकी जय्यत तयारी करणारा माणूस माझ्या धाकट्या दिरासारखा दुसरा कुणी या शहरात झाला नसेल. लोक फुटबॉलची मॅच बघायला जाताना खिशात फुटाणे घेऊन जातात. आमचे भाऊजी हरण्याची कारणं घेऊन जायचे. ती सकाळपासून गोळा केलेली असायची. बॅकच्या आजीचं तेरावं कालच झालंय, त्याचं लक्ष नसणार. डावीकडच्या फॉरवर्डनं नवे बूट घेतलेत, ते चावणार. वारा त्यांच्या बाजूचा आहे. लग्न होऊन मी गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या घरात आले, तेव्हा पहिल्याच रविवारी भाऊजी चहाचा कप हातात धरून माझ्याकडं बघत म्हणाले, "आपलं काय खरं नाय, वहिनी." मी नवी नवरी. नोकरी गेली की घरावर काही बालंट आलं, कळेना. आत जाऊन यांना विचारलं, तर हे पेपरातून डोकंसुद्धा वर न काढता म्हणाले, "मॅच असेल."

मॅचच होती. आमच्या गल्लीची जांभळ्या बनियनची टीम होती, आणि जुन्या दरवाजाबाहेरच्या मैदानावर दर उन्हाळ्यात स्पर्धा भरायची. शेवटी उरलेल्या दोन टीमांत फायनलच्या तीन मॅची व्हायच्या. ज्याच्या दोन, त्याचा कप. आमची टीम फायनलला किती वेळा पोचली हे विचारा, मी बोटांवर मोजून सांगते. कप किती वेळा आणला हे विचारू नका. एकदाही नाही.

फायनलचा आठवडा आला की आमच्या ओट्यावर गल्ली जमायची. कापडदुकानातले गुमास्ते, एक निवृत्त मास्तर, पतंगवाले चचा, आणि मधोमध भाऊजी. टीमचं कसं काय होणार याचा तिथं तासन्‌तास काथ्याकूट चालायचा, पण एक नियम होता: जिंकू असं कुणी तोंडातून काढायचं नाही. काढलं की नजर लागते. सगळे एकापेक्षा एक वाईट बोलायचे, आणि जो सर्वांत वाईट बोलेल त्याला चहा आधी मिळायचा. अर्थात तो नेहमी भाऊजींनाच मिळायचा. एकदा जालन्याचा एक नवा जावई हौसेनं ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "अहो, आरामात जिंकतील की." मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी टीम हरली, आणि त्या बिचाऱ्या जावयाला पुढं दहा वर्षं सणाला आला की ओट्याच्या अगदी कडेला, गटाराच्या बाजूला जागा मिळायची.

भाऊजींचं लग्न झालं नाही तेही या पायीच, असं माझं मत आहे. करमाडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगी देखणी, घरचं शेत, बाप भला माणूस. पोहे खाऊन झाले, मुलगी येऊन बसली, आणि भाऊजींनी तिला नाव-शिक्षण काही न विचारता तिच्या बापाला विचारलं, "गावात मैदान आहे का?" ते म्हणाले, आहे ना, बाजाराचं. भाऊजी उठले आणि मैदान बघायला गेले. बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा पायजम्याला धूळ, आणि तोंड एवढंसं. "लई उतार आहे, वहिनी," मला बाजूला घेऊन म्हणाले, "चेंडू ठरणार नाय." मी म्हटलं, भाऊजी, तुम्हाला मुलीशी संसार करायचाय की मैदानाशी? त्यावर त्यांनी खरंच थोडा विचार केला. मुलीच्या बापानं पुढं काही कळवलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

मग दुष्काळाचे उन्हाळे आले. शहर तर वाढतच चाललं होतं, जालना रोडनं पार करमाडच्या अंगाला, रोज नवी वसाहत. आणि पाणी मात्र कमी कमी. चौथ्या दिवशीचा नळ आठव्या दिवसावर गेला, मग टँकर. घरातलं पाणीवाटप माझ्याकडं होतं आणि मी त्यात कुणाची भीड ठेवली नाही. माणशी रोज एक बादली. आंघोळ, कपडे, सगळं त्यात. पिण्याचं पिंप वेगळं, त्याला हात लावला तर माझ्याशी गाठ. गंमत म्हणजे भाऊजी नोकरीला होते पाटबंधाऱ्याच्या कचेरीत. दिवसभर धरणांच्या फायली उपसायच्या आणि घरी येऊन माझ्यापुढं रिकामी बादली घेऊन उभं राहायचं.

एक दिवस माझ्या लक्षात आलं की भाऊजी दोन तांब्यांत आंघोळ उरकतात आणि उरलेलं पाणी खाटेखाली झाकणाच्या बादल्यांत साठवतात. आठवड्याच्या दोन बादल्या व्हायच्या. मॅचच्या दिवशी त्या सायकलच्या दोन हँडलांना अडकवून, थेंब न सांडता मैदानावर न्यायच्या आणि गोलच्या तोंडाशी शिंपायच्या. कारण काय, तर पाण्याविना मैदानाचा दगड झाला होता आणि गोलकीपर पडला की सोलून निघत होता. गोलकीपर म्हणजे वेल्डिंगच्या दुकानातला एक ताडमाड गडी, त्याला सगळे लंबू म्हणायचे. पहिल्या वेळी भाऊजींनी दोन्ही बादल्या एकाच गोलपाशी रित्या केल्या. हाफटाइम झाल्यावर बाजू बदलतात हे चाळीस वर्षं फुटबॉल बघणाऱ्या माणसाच्या डोक्यातून साफ गेलं होतं. दुसरा हाफ समोरच्यांचा गोलकीपर आमच्या आंघोळीच्या पाण्यावर मजेत लोळला आणि त्यानं एक चेंडू आत जाऊ दिला नाही. तेव्हापासून हिशोब पक्का झाला. एक बादली पहिल्या हाफला, एक दुसऱ्याला. धूळ बसेल इतकंच पाणी, चिखल होईल इतकं नाही, कारण ती माती काळी, चिकट. "औषध आहे ते वहिनी," म्हणायचे, "जास्त झालं की बाधतं."

मी हे सगळं सहन केलं असं समजू नका. एकदा फार वाईट बोलले. म्हटलं, "लोकांच्या लेकरांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही मातीला पाजताय. लाज नाही वाटत?" भाऊजी रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "माझ्या वाट्याचं आहे." आणि मग, "लंबूची कोपरं बघा एकदा." पुढच्या रविवारी लंबू विसरलेली बादली द्यायला दारात आला तेव्हा मी बघितली. कोपराला कातडी अशी नव्हतीच. मी हळद-तेल लावून दिलं. भाऊजींना तो चचा म्हणायचा. हसत म्हणाला, "फिकर नक्को करो भाबी, चचा पानी डालते ना." मी पुढं भाऊजींना पाण्यावरून बोलणं बंद केलं. पण माझ्या वाटणीतला तांब्याभर काही त्यांना कधी दिला नाही.

त्या वर्षी टीम पुन्हा फायनलला आली. पहिली मॅच हरली, दुसरी जिंकली. आणि त्याच आठवड्यात मैदानाच्या कडेला पत्र्याची पाटी लागली की पावसाळ्यानंतर इथं बाजारसंकुल बांधणार. म्हणजे कप यायचा तर आता, नाहीतर कधीच नाही. ओट्यावर माणसं नेहमीप्रमाणं वाईट बोलत होती, पण बोलण्यात जोर नव्हता. तिसऱ्या मॅचच्या दिवशी दुपारी भाऊजी सायकलला बादल्या अडकवत होते. मी सहज विचारलं, "काय भाऊजी, आपलं काही खरं नाही ना?" ते कडी बसवत राहिले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून माझ्याजवळ आले आणि इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "वहिनी, या टायमाला होईल असं वाटतंय."

इतक्या वर्षांत हा माणूस असं बोलला नव्हता. केस पांढरे झालेले, सदऱ्याला दोन दिवसांचा घाम, आणि तोंडावर परीक्षेला निघालेल्या पोरासारखा भाव. मला एकदम भरून आलं. त्या दिवशी सकाळीच टँकर येऊन गेला होता. मला कुठून बुद्धी झाली देव जाणे, मी आत गेले, माझी बादली काठोकाठ भरून आणली आणि म्हटलं, "ही पण घ्या. माझ्याकडून." भाऊजी नको-नको म्हणत होते. मी ऐकते होय? जुन्या साडीच्या काठानं ती बादली सायकलच्या कॅरिअरला मीच करकचून बांधली. आणि आयुष्यात पहिल्यांदा यांच्याबरोबर मॅच बघायला गेले.

पहिला हाफ कोराच गेला. दोन्हीकडं गोल नाही, लंबूनं तीन चेंडू झेप घेऊन अडवले. हाफटाइमला भाऊजी सायकल ढकलत पलीकडच्या गोलपाशी गेले. एक बादली शिंपली. मग कॅरिअरवरची सोडली, हातात धरून उभे राहिले, आणि मान वळवून गर्दीत मला शोधू लागले. मी हात वर केला. माझ्या मूर्खपणाला काय म्हणावं, मला वाटलं ते माझी बादली मला दाखवतायत; ते विचारत होते, ओतू का. मी हातानंच खूण केली, टाका, टाका. वहिनीनं दुष्काळात आपल्या हातानं दिलेलं पाणी. ते परत कसं न्यायचं? त्यांनी ओतलं.

शेवटची पाच-सात मिनिटं राहिली होती. समोरच्यांनी लांबून एक चेंडू मारला, मारला कसला, ढकलला. माझ्यासारखीनं पदरात झेलला असता. लंबू निवांत एक पाऊल पुढं आला आणि त्याचा पाय सरकला. तो चिखलात बसला, आणि चेंडू त्याच्या शेजारून आत गेला.

शिट्टी झाल्यावर आम्ही मैदानात गेलो तेव्हा लंबू तिथंच बसून होता, चिखलानं माखलेला, एवढा मोठा गडी लहान पोरासारखा रडत होता. "पाँव फिसल गया, चचा." भाऊजींनी त्याचा बूट हातात घेऊन उलटा केला आणि मला ऐकू येईल असं म्हणाले, "तळ झिजलेत रे याचे. नवीन घ्यायला पाहिजे होते." माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही.

संध्याकाळी ओट्यावर गल्ली जमली. हरण्याची सवय असलेली माणसं ती, पण त्या दिवशीचं हरणं वेगळं होतं. एक जण म्हणालाच, "गोलपाशी इतका चिखल कसा काय झाला?" मी दाराआड उभी होते. एवढ्यात भाऊजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी दुपारी घरात बोललो होतो. म्हटलं, जिंकू." चिखलाचा विषय तिथंच संपला. ओट्याच्या दृष्टीनं याहून मोठा गुन्हा नव्हता. कुणी शिव्या दिल्या नाहीत, पण मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि त्या दिवसापासून आमच्याच ओट्यावर भाऊजींना गटाराच्या बाजूला जागा मिळाली. दिवाळीला जालन्याचा जावई आला तेव्हा दोघं तिथं शेजारी शेजारी बसले होते. मला दार उघडून बाहेर येता आलं असतं. पाणी माझं होतं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. माझी जीभ एरवी कुणाचं ऐकत नाही, त्या दिवशी उचलली गेली नाही. याची लाज मला आजही वाटते.

पावसाळ्यानंतर मैदान खणलं. टीम मोडली, लंबू शेंद्र्याच्या बाजूला एका कारखान्यात लागला. आम्हीही ते घर सोडून जालना रोडला फ्लॅटमध्ये आलो. खिडकीतून आता करमाडकडं जाणारे ट्रक दिसतात. हे गेले. भाऊजी आणि मी, दोघं म्हातारे, एका घरात राहतो. टीव्हीवर परदेशातल्या मॅची लागतात, त्या ते बघतात, पण तोंडातून अक्षर काढत नाहीत. रविवारच्या चहाला मला अजून वाटतं की आता म्हणतील, आपलं काय खरं नाय.

परवा सोसायटीत टँकर आला नाही. बादल्या मोजताना मला राहवलं नाही. इतकी वर्षं घशात अडकलेलं बोलून टाकलं. म्हटलं, "भाऊजी, ती मॅच माझ्या तिसऱ्या बादलीनं घालवली. तुम्ही उगाच स्वतःवर घेतलंत."

टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "तिसरी? ती मी कुठं शिंपली, वहिनी. ती येताना मैदानाच्या कडेच्या लिंबाला घातली. लई सुकला होता बिचारा."

मैदानाच्या कडेला लिंब नव्हता. झाड म्हणून नव्हतंच तिथं. आणि हात वर करून टाका, टाका म्हणून मीच सांगितलं होतं.

"मग जगला का तो?" मी विचारलं.

"व्हय. चांगला वाढला होता."

मी म्हटलं, बरं झालं, पाणी वाया तरी गेलं नाही.