शिवेवरचं मडकं

वैनगंगेला पूर आला तेव्हा आमचा फौजी कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, वडशाजवळच्या एका खेड्यात उतरला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावाला तिन्ही बाजूंनी पाणी. कोरडी जागा फक्त शिवेवर, एका चिंचेभोवती. तिथेच तंबू ठोकले. मी प्लाटूनचा नायब सुभेदार. स्वभाव संशयी. घरी त्यावरून टोमणे बसतात, फौजेत त्याचा उपयोगच झाला.

आमचे जवान सातारा-सांगलीकडचे. नाईक जगदाळे बोटीची मोटर चालवायचा, लान्स नाईक ओव्हाळ दोर सांभाळायचा. जगदाळे मराठा, ओव्हाळ बौद्ध. आठ-दहा दिवस त्या दोघांनी माणसं काढली, जनावरं काढली. एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. मी त्याकडे लक्ष ठेवून होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच ओव्हाळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"साहेब, बाहेर या."

त्याच्या तंबूच्या तोंडाशी झिजलेला झाडू आणि फुटकं मडकं पडलं होतं. दुसऱ्या कुठल्याच तंबूपुढे काही नव्हतं. पेशवाईत ओव्हाळच्या पूर्वजांना गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून फिरावं लागे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"संशय कोणावर?"

"जगदाळे. त्याच्याबरोबर मी बोटीत बसणार नाही."

जगदाळेने आईची शपथ घेतली. माझा विश्वास बसला नाही. चहाच्या वेळेपर्यंत प्लाटूनचे दोन घोळके झाले. सेंट्रीला विचारलं, तर म्हणाला, पहाटे गावकऱ्यांचा गलका होता, सणाचा असेल म्हणून रिपोर्ट दिला नाही.

कंपनीचे कमांडर मेजर साहेब, त्यांनी ऐकून घेतलं. "चौकशी होईपर्यंत कोणी कोणाचं नाव घेणार नाही. गावात विचारा."

गावातून पोलीस पाटलाची म्हातारी आई आली. मडकं पाहून तिला हसूच आवरेना.

"हे तं आमचंच होय जी! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोडका झाडू, फुटकं मडकं शिवंच्या बाहेर फेकतो आमी. 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हनतो. दरवर्षी या चिंचेखालीच. यंदा तुमचा तंबू इथी आला, तं आमी कुठी फेकाव?"

ओव्हाळचाच तंबू चिंचेला लागून होता. आमच्यात या भागातला एकही जवान नव्हता, म्हणून ही मारबत आम्हाला ठाऊक नव्हती.

कंपनीत हशा पिकला. सुभेदार साहेब म्हणाले, खोटी तक्रार केली, ओव्हाळला शिक्षेसाठी चार्जवर घ्या. मेजर साहेबांनी फॉल-इन लावून सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि आधी जगदाळेला पुढे बोलावलं.

"याच्यावर संशय घेतला गेला. तो खोटा निघाला. जिथे बदनामी झाली तिथेच सांगतो."

मग हसणाऱ्यांकडे वळले. "ओव्हाळ खोटं बोलला नाही. जे दिसलं ते त्याने सांगितलं. त्याला जगदाळेच का आठवला, ते कोण सांगेल?"

जगदाळेच बोलला. "परवा दोर गुंतला तेव्हा मी म्हणालो, तुमच्या लोकांना बढतीची पट्टी फुकटात मिळते, तुम्हाला काम कुठून येणार."

"किती जणांनी ऐकलं?"

एकेक करत बारा हात वर आले.

"झाडूचा रिपोर्ट माझ्याकडे आला, तो गैरसमज निघाला. हे खरं होतं, आणि याचा रिपोर्ट एकानेही दिला नाही. जगदाळे, शिक्षा याची मिळेल. बोट तीच राहील."

जगदाळे ओव्हाळकडे वळला. "चुकलो." ओव्हाळ म्हणाला, "मोटर बघ. पाणी चढतंय."

दुपारी वायरलेसवर पलीकडच्या काठावरून आवाज आला. "बोटीला ओंडका लागला. जगदाळे पाण्यात. ओव्हर." मी काठावर धावलो. बोट लागली तेव्हा तिच्यात एक बाई, तिची दोन लेकरं आणि ओव्हाळ. जगदाळेचं प्रेत तिसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला सापडलं.

पण कुजबुज अपघाताच्या संध्याकाळीच सुरू झाली. ओव्हाळने सकाळचा राग काढला. जगदाळेला टाकलेला दोर मुद्दाम सोडला. मला लाज वाटते सांगायला, पण मीही ओव्हाळकडे त्याच नजरेने पाहिलं. मेजर साहेबांचा हुकूम सकाळचाच होता: चौकशी होईपर्यंत नाव नाही. बोटीतल्या बाईला बोलावलं.

"दोर सोडला नाई जी त्यानं. हातातून रक्त गळून राह्यलं होतं, तरी धरून होता. दुसरा ओंडका आला अन् पान्यातल्या त्या भाऊचाच हात सुटला."

मेजर साहेबांनी ओव्हाळला हात उघडायला सांगितलं. तळव्यांवर कातडी नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा फॉल-इन लागलं, आणि ओव्हाळचं नावही सगळ्यांसमोर साफ झालं. त्या वेळी कोणी हसलं नाही.

पण अफवेला सुट्टीचा पास लागत नाही. ती आमच्या आधी जगदाळेच्या गावी पोचली. वर्षाने त्याच्या नावाचा दगड बसवला, तेव्हा ओव्हाळ माझ्याबरोबर आला. जगदाळेच्या वडिलांच्याही कानावर ती गेली होती. ओव्हाळ समोर येताच त्यांनी त्याचा हात ओढून घेतला, मूठ उघडली आणि दोराच्या वळावरून अंगठा फिरवला.

"माझ्या पोराचा दोर," म्हणाले. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही.