मापाड्याचं उघडं तोंड

पायली जाऊन किलो आला, त्याच साली आमचे वडील, आबा, गेले. कळंबच्या बाजारात जन्मभर पायलीनं ज्वारी मोजलेला मापाडी; पण त्यांचा फोटो एकही नाही. चेहरा उरला तो एका शिल्पकारानं ते असताना मातीत केलेला. उस्मानाबादेत संग्रहालयात त्यानं घडवलेल्या मस्तकांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मायला घेऊन एस.टी.नं निघालो. “त्येच असतील का रं?” तिनं वाटेत चारदा विचारलं.

मी शाळामास्तर, म्हणजे सगळ्यातलं कळणारा. मायला व्हरांड्यात बसवलं आणि आधी पाहणी करायला आत शिरलो. एक म्हातारी दात नसलेलं हसत होती, एक हमाल ओझ्याखाली डोळे मिटून. आणि कोपऱ्यात आबा. माझ्या हातातली पेटती विडी आपोआप कोटाच्या खिशात गेली. खिसा जळाला तेव्हा कळलं, आबा मातीचे आहेत.

पण तोंड उघडं! चारचौघांत आ वासलेला. मायला काय वाटेल? इकडंतिकडं पाहिलं, गळ्यातला मफलर काढला, आबांच्या हनुवटीखालून घेतला आणि डोक्यावर गाठ मारली. आता कसे सभ्य दिसतात, म्हणतोय तोवर माय आत.

“मुडद्या, जित्या माणसाचं तोंड बांधतुस व्हय?”

अशी गाठ मी आबांना एकदाच मारली होती, वर्षापूर्वी, तिरडीवर ठेवण्याआधी.

तिनंच गाठ सोडली. तोंड परत उघडलं. आमच्याच गाडीनं आलेले बाजारातले चार हमाल गलका करत दालनात घुसले, आबांसमोर आले आणि चिडीचूप झाले. एकानं तर टोपीसुद्धा सारखी केली.

“काय झालं?” मी विचारलं. “आवडलं नाही का?”

मायनं माझ्या दंडाला चिमटा काढला. “गप की! ‘लाभ’ म्हणाय लागलेत न्हवं.”

मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो, तेही लांबवून. आणि तो मोजत असताना कुणी बोलायचं नाही, मोजणी चुकते. बाजारातल्या पोराटोरांना हे ठाऊक. मला नव्हतं, मापाड्याचा मुलगा म्हणवून घ्यायला लाजून मी आबांच्या मापाच्या कट्ट्याजवळ कधी थांबलोच नव्हतो.

मग मीही थांबलो. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. ते ओठ, तो ताणलेला गळा, पुढच्या मापावर लागलेली नजर. किती वेळ उभे होतो, सांगता येत नाही. मोजणी अर्धी टाकून निघणार कोण?