एका दांड्याची जीप

जीप बघायला निघालो तेव्हा माझ्या वहीत एकतीस प्रश्न लिहिलेले होते. भंडारदऱ्याच्या बाजूला आमची भात सडायची गिरणी होती. तिचे डिझेल इंजिन मी स्वतः खोलत आणि जोडत असे, त्यामुळे इंजिनाचे अठरा प्रश्न कोणाला विचारावे लागले नाहीत. बाकीचे तेरा राजूरच्या बाजारात गाडीवाल्यांना विचारून जमवले होते. थोरले भाऊ म्हणाले, "एखादा मिस्त्री बरोबर ने." मी म्हणालो, "वही आहे."

त्र्याहत्तर सालचा वैशाख होता. पत्नीला सहावा महिना चालू होता. म्हणजे दिवस भरणार श्रावणात, आणि श्रावणात आमच्या गावातून बाहेर पडणे म्हणजे काय, ते आम्हा दोघांना माहीत होते. दोन वर्षांपूर्वी तिला झोळीत घालून सहा जणांनी आळीपाळीने नेले होते. पक्क्या रस्त्यापर्यंतच्या चार मैलांना पाच तास लागले. पुढचे दवाखान्यापर्यंतचे सात मैल ट्रकने पाऊण तासात झाले, पण तोवर उशीर झाला होता. मुलगा होता. तो गेला. त्यानंतर तिने मला त्याबद्दल एकदाच विचारले, "पाच तास कशात गेले?" मी सांगितले, ओढा उतरायची वाट बघण्यात दोन, चढावर दीड आणि चिखलात दीड. ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली.

म्हणून मला चारही चाकांनी ओढणारी गाडीच हवी होती. तशी एक मिरजगावला असल्याचे आमच्याकडे तांदूळ घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याने सांगितले. मालकाने ती मिलिटरीच्या लिलावात घेतली होती आणि आता त्याला ती विकायची होती. नगरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरजगावला उतरलो. आमच्याकडे आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. इकडे तो झालाच नव्हता. रस्त्याच्या कडेने माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत बसली होती आणि मैलच्या मैल हिरवे असे काही दिसत नव्हते.

मालक भुसार मालाचे आडते होते, चाळिशीचे, हसतमुख. मी वही काढली तशी त्यांनी खुर्ची मागवली आणि म्हणाले, "इचारा पाव्हणं, आज दुकानात तसा बी माल न्हाई."

तपासणीला दोन तास लागले. थंड इंजिन हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला सुरू झाले. तेल काळे होते, पण त्यात पाणी नव्हते. टायरच्या खाचांत आगकाडी उभी करून खोली पाहिली, तीन ठीक, एक गुळगुळीत. स्टिअरिंगला दोन बोटे ढिलाई. चॅसीला मला दोन ठिकाणी वेल्डिंग सापडले. तिसरे मालकांनी स्वतः दाखवले. "ह्ये ऱ्हायलं की तुमचं. लिवा." पुढच्या चाकांना जोर देणारा लिव्हर मी पाच वेळा टाकला आणि पाच वेळा काढला, तो कुठे अडला नाही. मग गाडीखाली सरपटत गेलो. गिअरपेटीपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा हलवून पाहिला. वहीत लिहिले: दांडा ठीक.

एकतिसावा प्रश्न होता, चिखलात चढते का.

"शेठ, इथे जवळपास कुठे चिखल मिळेल?"

"काय म्हनलात?"

"चिखल. गाडी घालून बघायची आहे."

मालक हमालांकडे वळले. "आयकलं का रं? पाव्हन्यांना चिखल पायजे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आवं, चिखलाला आदी पानी लागतं! घावला कुटं तर आमाला बी पायलीभर द्या."

हमाल पोट धरून हसले. मीही हसलो, पण प्रश्न काही खोडला नाही. शेवटी असे ठरले की सीना नदीचे पात्र कोरडे आहे, तिथल्या वाळूत बघायचे. मऊ वाळू चाकाला चिखलासारखीच खाली घेते.

पात्रात बायका झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. मालकांनी त्यांच्यापासून थोड्या अंतरावर गाडी घातली, लिव्हर टाकला, पन्नास-साठ हात गेली आणि बसली. मागची चाके वाळू उडवत खाली गेली. मागे-पुढे करताना गाडी घसरत घसरत एका झिऱ्याच्या काठावर आली आणि तो काठ आत ढासळला.

"अवं ओ टोपीवालं!" एक म्हातारी हंडा ठेवून माझ्याकडेच आली. "प्यायाला पानी न्हाई आन् तुमाला गाड्या खेळायच्या हायेत व्हय? सकाळधरनं तीन हंडं भरलं म्या त्यातनं. आता कोन काडून देनार झिरा? तुमी का ह्यो शेठ?"

"मी काढून देतो, मावशी."

"द्या! त्याबिगर गाडी हालू द्यायची न्हाई म्या."

"ती तशी बी हालंना, काकी," मालक म्हणाले.

मी पुढच्या चाकांकडे बघत उभा होतो. लिव्हर टाकलेला, इंजिन जोरात, मागची चाके गरगर फिरताहेत आणि पुढची दोन्ही स्वस्थ. एवढ्यात खाकी अर्ध्या चड्डीतला एक माणूस खांद्यावरची घागर उतरवून गाडीपाशी आला. फौजेतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, गावातलाच. त्याने वाकून खाली पाहिले आणि सरळ उभा राहिला.

"शेठ, फुडचा शाफ्ट कुटं हाय?"

"फुडचा म्हंजी?"

"हिला दोन दांडं असत्यात. एक मागं जातो, एक फुडं. हितं एकच हाय."

मी वहीत पाहिले. दांडा ठीक. किती दांडे असायला हवेत हा प्रश्न माझ्या एकतिसात नव्हता. मिस्त्री आणला असता तर पहिल्या पाच मिनिटांत कळले असते. श्रावणात ओढ्यापलीकडच्या चढावर लिव्हर टाकला असता आणि काहीच झाले नसते. मागच्या बाकावर ती असती.

मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. "आयला! चार वर्सांमागं एक जन म्हनला, फुडचा काडून ठिवा, पेट्रोल वाचतं. म्या काडला आन् इसरलो. पाव्हणं, आईच्यान, फशिवलं न्हाई तुमाला."

तिसरे वेल्डिंग त्यांनीच दाखवले होते हे मला आठवत होते, पण राग तरी आलाच होता.

आम्ही दोघे चालत त्यांच्या घरी गेलो. मालकीणबाई उंबऱ्यावर आल्या. काय हवे ते ऐकून म्हणाल्या, "त्यो लोखंडी दांडा व्हय? गोठ्यात हाय की. जनावरं छावनीला गेल्यापासनं दार आपटतंय रिकामं, म्हनून त्याला लावलाय."

"आन् त्याचं नट?"

"डब्यात. आठ हायेत, मोजून ठिवलेत." मग नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "ह्यांच्या भरवशावर काय ऱ्हातं का भाऊ? च्या घ्या. कोरा हाय, दूध न्हाई." गुळाचा तो चहा आम्ही उभ्या उभ्याच प्यायलो. राग मला वाटते तिथेच उतरला.

परत आल्यावर फौजी गाडीखाली गेला आणि मालक त्याला एकेक नट देत बसले. मी झिरा खणायला घेतला. दीड हातावर ओल लागली, अडीच हातांवर पाणी. म्हातारी शेजारी बसून देखरेख करत होती. "अजून रुंद करा. गिरनीवालं हाय म्हनं तुमी, हातानं काम करायची सवं न्हाई वाटतं?" पाणी साचल्यावर पहिली वाटी तिने मलाच दिली. गढूळ होती. मी ती पुरी प्यायलो.

शाफ्ट बसल्यावर पुढच्या डाव्या चाकावर मी विटेच्या तुकड्याने आडवी रेघ मारली आणि बाजूला उभा राहिलो. मालकांनी लिव्हर टाकून क्लच सोडला. रेघ वर गेली, पुढे वळली, खाली गेली आणि पुन्हा वर आली. सहा फेऱ्यांत गाडी वाळूच्या वर होती. बायकांनी एकच ओरडा केला, त्यात म्हातारीचा आवाज मोठा होता.

फौजी हात पुसत म्हणाला, "घ्यायची आसंल तर घ्या. चार वर्सं फुडच्या गिअरांवर जोरच आला न्हाई, आतनं नव्यावानी हाय. फकस्त ऑइल बदला."

मी त्यांना वाळूतून आणखी चार वेळा गाडी न्यायला लावली, झिऱ्यांपासून लांब. मग "घेतो" म्हणालो. चालवायला मी धरणावरच्या एका ड्रायव्हरकडून शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून, नगर-संगमनेर करत, दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. पत्नीने जीपभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "चढेल?" मी म्हणालो, "पाच वेळा पाहिली."

श्रावणात एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. बाहेर पाऊस सलग तिसरा दिवस लागला होता. मागे गादी टाकली, आई तिच्याजवळ बसली. ओढ्याला मांडीभर पाणी होते, ते जीपने कापले. पलीकडच्या चढावर मागची चाके जागच्या जागी फिरू लागली तशी मी थांबलो.

"थांबलात कशाला?" ती मागून ओरडली.

"लिव्हर टाकायला."

"मग टाका की!"

टाकला. पुढच्या चाकांनी चिखल धरला आणि गाडी वर निघाली, बैल उतरणीवरून चढाला लागतो तशी, मान खाली घालून. अकरा मैलांना एक तास वीस मिनिटे लागली. मुलगी संध्याकाळी साडेसहाला झाली, सहा पौंड दोन औंस. मी आत गेलो तेव्हा पत्नी डोळे मिटून पडली होती. मी तिला म्हणालो, "एक तास वीस मिनिटं." तिने डोळे न उघडता सांगितले, "हाडं खिळखिळी केलीत माझी. पुढच्या खेपेला मी एसटीनं जाईन."

पुढची खेप तीन वर्षांनी आली. तोवर ओढ्यावर पूल झाला होता आणि एसटी गावात येऊ लागली होती. ती खरोखरच एसटीने गेली आणि जीप घेऊन मी तिच्या मागे मागे गेलो.