रायफलीला हवा मानवू द्या

आम्हाला नेमबाजी शिकवणारे उस्ताद माणसांची विचारपूस नंतर करत, आधी बंदुकीची. लोह्याच्या आमच्या शाळेत सकाळी आले की स्प्रिंगच्या रायफलीच्या नळीला गाल लावत आणि म्हणत, "आज हिला थंडी वाजून राहिली. छर्रा खाली पडंल." आम्ही पोरी ओढणीआड हसायचो. छर्रा मात्र खालीच पडायचा!

थंडीत आतलं ग्रीस घट्ट होतं, स्प्रिंग आळसावते; उन्हात तीच रायफल छर्रा वर मारते. म्हणून त्यांचा एकच हट्ट, नेम धरण्याआधी तासभर रायफल उघड्यावर ठेवायची. "तिला हवा मानवू द्या. घाई केली की वाटोळं."

नांदेडच्या निवड स्पर्धेला मी एकटीच निघाले होते. आधी गेलेल्यांपैकी कुणीच निवडलं गेलं नव्हतं; मीही निवडले गेले नाही तर नेमबाजीचा वर्ग बंद, असं हेडसरांनी बजावलं होतं. उस्ताद परस्पर नांदेडला येणार, म्हणून रायफल माझ्या घरी. डिसेंबरची थंडी. मला वाटलं, थंडीच बाधते ना, मग लागूच द्यायची नाही! सकाळी चुलीजवळ शेकली, घोंगडीत गुंडाळली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. केवढं ते माझं शहाणपण!

स्पर्धेच्या जागी मी पोचले ती ऐन वेळेला. उस्तादांनी विचारलं, "उघड्यावर ठेवली होती न्हवं?"

"हाव," मी बेधडक सांगितलं.

पहिले छर्रे मधोमध लागले. मग रायफल गार होत गेली, तसा एकेक खाली सरकू लागला. मी नळीवरची नेमाची साइट वर केली, तरी पुढचा आणखी खाली. मागे उस्ताद होते, पण त्यांना बोलायला मनाई. मी वळून पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. ते तिथेच जमिनीवर मांडी घालून स्वस्थ बसले. थांब, असंच सांगत होते. घड्याळ पळत होतं. मी रायफल खाली ठेवून थांबले. नळी गार पडल्यावर साइट एकदाच बसवली, उरलेले छर्रे नेमके लागले. निवड एका गुणानं हुकली.

"उशिरा का व्हईना, थांबलीस," एवढंच ते म्हणाले. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी दोघांना बोलावलं. उस्ताद लगेच म्हणाले, "चूक माझी हाय, सर. रायफल मीच गरम ठिवली. पोरीचा नेम पक्का हाय." वर्ग बंद झाला. उस्ताद किनवटला लेकीकडे गेले, ते पुन्हा भेटले नाहीत.

मी खरं सांगणारच होते, त्यांनीच बोलू दिलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. त्यांनी आळ स्वतःवर घ्यावा म्हणून मी तिथे उभी राहून देवाचा धावा करत होते.