गोदाकाठी मारलेली हाक

बायांनो, आज माझं डोकं ठिकाणावर न्हाई, म्हणून तुम्हालाच सांगून राह्यले.

गावोगावचे देव करत, परतूर सोडून आम्हाला बारा दिवस झाले. बैलगाडीतच निजायचं, गाडीतच सगळा संसार. जांबला देवदर्शन झालं आणि लेकरांनी हट्ट धरला, म्हणून आजचा दिवस गोदावरीच्या वाळूत काढला.

मी धाकटीला न्हाऊ घालत होते. आमचे हे, बैल जुंपलेलेच ठेवून, लांब बाप्यांत गप्पा मारत बसले. बैलांना लागली तहान. निघाले की गाडीसकट पाण्यात!

मी ओरडले, "अहो! अहो, गाडी!" वाळूवरच्या सगळ्या बाप्यांनी वळून पाह्यलं, आमचे सोडून.

मंग काय करणार? लग्नाला नऊ वर्षं झाली, उखाण्याशिवाय कधी नाव घेतलं न्हाई. ते आज बेंबीच्या देठापासून घेतलं. सासूबाईंच्या हातातली भाकर खाली पडली. तरी हे बिलकुल हलले न्हाईत! शेवटी एका परक्या माणसानं बैल धरले. तोवर पीठ भिजलं, अंथरुणं भिजली.

सासूबाई पिठाचं काहीच बोलत न्हाईत. "चारचौघांत नवऱ्याचं नाव!" दुपारपासून एवढंच चालू आहे.

मी यांना विचारलं, "नाव ऐकूनसुद्धा वळला कसे न्हाईत?"

तर म्हणतात, "आवाज आईचा नव्हता. मला वाटलं, त्या नावाचा दुसराच कुणी असंल. तू कुठं माझं नाव घेतीस?"

आता तुम्हीच सांगा, पुढच्या वेळी मी काय म्हणून ओरडू?