आप्पांचा डावा हात

मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या परभणीच्या कॉलेजात एका मोठ्या विद्यापीठाचे विद्यार्थी महिनाभर खेड्यातलं काम शिकायला आले. ते येणार म्हटल्यावर आम्ही जरा धास्तावलोच होतो. त्यांच्याकडे माणसाच्या चालण्याचं चित्रीकरण करून सांधे तपासणारी प्रयोगशाळा होती, पाण्यात व्यायाम द्यायला तलाव होता. आमच्याकडच्या सांगाड्याची करंगळीही कुणीतरी हरवलेली.

माझी जोडी एका उंच, चष्मेवाल्या मुलीशी लागली. झरी गावाला जाताना ऑटोत तिने विचारलं, "तू पॅरालिसिसचे बरेच पेशंट पाहिलेस का?"

"रोजच. दवाखान्यात रांग लागलेली असते."

"आमच्याकडे एका पेशंटभोवती आम्ही दहाजण. मी कायम मागे उभी," ती म्हणाली. मला उगाच हलकं वाटलं.

झरीत आम्हाला एका किराणा दुकानदाराकडे पाठवलं होतं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. लकव्याने त्यांचा डावा हात गेला होता. चालणं सुधारलं होतं, पण डावी मूठ मिटलेलीच राहायची. दुकानामागच्या खोलीत ते बाजेवर तोंड फिरवून बसले होते.

"आजोबा, कुठे वेदना होतात?" तिने विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणायलीय ही?"

"कुठं दुखायलंय, म्हणते."

"दुखत न्हाई काई. आन् व्यायाम बी करायचा न्हाई. लय झाले करून."

मी माझ्या सवयीप्रमाणे हात धरला आणि बोटं उघडायला सुरुवात केली. दवाखान्यातल्या रांगेने मला तेवढंच शिकवलं होतं, हात धरायचा, व्यायाम द्यायचा, पुढचा पेशंट घ्यायचा. तिने मला थांबवलं आणि आप्पांसमोर खाली बसली.

"या हाताने तुम्हाला काय करायचंय?"

आप्पांनी गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी उजव्या हाताने वर उचलली. "डाव्या तळव्यावर लिंग घेऊन पूजा करायची असती, माय. आता आमची ही तिच्या हातावर धरती अन् मी विभूती लावतो. तिच्या हातावरची पूजा तिची झाली. माझी कुठं झाली?"

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी, आजी, म्हणाल्या, "मला तर कवा म्हणलं न्हाई हे."

परतताना ऑटोत आम्ही दोघी तावातावाने बोलत होतो. तळवा वर वळवायला कोणते स्नायू आधी जागे करायचे, हे तिने नीट मांडून सांगितलं. आप्पांना दवाखान्यातलं सामान दाखवलं तर ते पुन्हा तोंड फिरवतील, हे मला माहीत होतं. म्हणून आम्ही त्यांच्याच दुकानातल्या वस्तू घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा गल्ल्याशेजारी बसून व्यायाम करू लागले. आधी तळवा शेजारच्या बाकावर टेकवून त्यावर भार द्यायचा. मग उघड्या तळव्यावर बेलाचं पान, नंतर लिंबू, नंतर साबणाची वडी. साबण खाली पडला की गिऱ्हाइकं हसायची आणि आप्पाही हसायचे. "पडलेला साबण स्वस्तात देतो, घ्या," म्हणायचे. सामान घ्यायला आलेल्या बायका मुद्दाम थांबून बघायच्या.

विद्यापीठाची मुलं परत जायच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पांनी आम्हाला बोलावलं. ते अंघोळ करून पाटावर बसले होते. कोपर मांडीवर टेकवून त्यांनी तळवा उघडला. पुरता उघडला नाही, बोटं थोडी वाकडीच राहिली. आजींनी लिंग त्यावर ठेवलं आणि आपला हात खाली धरून बसल्या, पण लावला नाही. आप्पांनी विभूती लावली, बेल वाहिला, डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून भिंतीला टेकलो होतो. माझ्या मैत्रिणीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मलाच दुखायला लागलं.

पूजा झाली. आप्पांनी लिंग डबीत ठेवलं आणि आजींना म्हणाले, "आता चहा टाक. ह्या लेकी कवाच्या उभ्या हायत."

आजी आत गेल्या, पण स्टोव्हचा आवाज काही येईना. मी डोकावले तर त्या पदराने डोळे पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "साखर जास्त टाकते आज."

चहा खरंच फार गोड झाला होता. आम्ही दोघींनी दोन-दोन कप घेतले.